मंदीच्या बाजारात घोड्याची विक्री

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात, बीड व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेलगत खर्डा हे गाव वसलेले आहे. या गावाचा व्यापार जुना आहे. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या जिल्हा गॅझेटियरमध्ये येथील पेठेचा व गुरांच्या बाजाराचा उल्लेख आढळतो. त्याहीपूर्वी, ११ मार्च १७९५ रोजी, याच परिसरात मराठे व निजाम यांच्या फौजांची गाठ पडली आणि निजामास खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. दोन्ही बाजूंकडे घोडदळाचा भरणा मोठा होता. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीस येई व बारगिरास सरकारातून घोडे मिळे. त्यामुळे भीमा, सीना व गोदावरी यांच्या खोऱ्यांत शिंगरू वाढवणे हा कुणब्यास व धनगरास चार पैसे देणारा धंदा होता.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, फौजा मोडल्या आणि घोड्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. पुढे टांगा, टपाल व ओझ्याची वाहतूक यांनी काही काळ मागणी टिकवून धरली. परंतु मोटार आली, रस्ते झाले आणि तीही ओसरली. लष्करातील घोडदळाची जागा रणगाड्यांनी घेतली. ज्या जिल्ह्यात एके काळी घोड्यांच्या टापा वाजल्या, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी १९४८ पासून चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९५१ च्या पशुगणनेत देशात सुमारे १५ लाख घोडे व तट्टे होती. २०१२ साली ती सुमारे सव्वासहा लाख उरली आणि २०१९ च्या गणनेत ३ लाख ४० हजारांच्या आसपास आली. अवघ्या सात वर्षांत ४५ टक्क्यांची घट झाली.

हे आकडे येथे देण्याचे कारण असे की, घोडे विकावयास निघालेला शेतकरी बहुधा गेल्या वर्षीचा भाव मनात धरून बाजारात जातो. गिऱ्हाईक येते, दात पाहते, किंमत विचारते व पुढे जाते. शेतकरी घोडे घरी आणतो आणि पुढच्या बाजाराची वाट पाहू लागतो. पुढच्या बाजारीही तेच घडते. अशा वेळी भाव उतरवावा की थांबावे, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर अंदाजाने न देता हिशेबाने देता येते, व तो हिशेब कसा मांडावा हेच या लेखात सांगावयाचे आहे.

मंदी दोन प्रकारची

घोड्याच्या बाजारातील मंदी दोन प्रकारची असते. एक ऋतूची व दुसरी काळाची. दोहोंवरील उपाय वेगळे आहेत.

ऋतूची मंदी दरवर्षी येते व जाते. आषाढ ते कार्तिक या चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून नवरदेवाच्या घोडीस उठाव राहत नाही. पावसाळ्यात माथेरान, पाचगणी, महाबळेश्वर अशा थंड हवेच्या ठिकाणी प्रवाशांची वर्दळ कमी होते, म्हणून तेथील घोडेवाले नवीन जनावर घेत नाहीत. मेंढपाळ धनगर दसरा-दिवाळीच्या सुमारास चराईसाठी बाहेर पडतात. संसार पाठीवर वाहून नेणारे तट्टू त्यांना त्यापूर्वी हवे असते. थोडक्यात, आश्विन-कार्तिकापासून मागणी चढू लागते व ज्येष्ठात ती उतरते.

काळाची मंदी मात्र ऋतू पालटला म्हणून पालटत नाही. टांग्याचे घोडे व ओझ्याचे साधारण तट्टू यांची मागणी कायमची घटली आहे. अशा जनावरास पुढील वर्षी अधिक भाव येईल असे मानण्यास आधार नाही. उलट जनावराचे वय एका वर्षाने वाढलेले असेल.

याखेरीज अकस्मात येणारी अडचण हा तिसरा भाग होय. २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे यात्रा व बाजार बंद पडले. सप्टेंबर २०२२ मध्ये गोवंशातील लम्पी चर्मरोगामुळे राज्यात गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. हा रोग घोड्यास होत नाही. परंतु ज्या आवारात बैल विकले जातात तेथेच घोडेही विकले जात असल्यास आवार बंद होताच दोहोंची विक्री थांबते. बैलगाडा शर्यतींचे उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात व आसपास बाऱ्यांपुढे घोडी पळवण्याची रीत आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा न्यायालयाने ग्राह्य धरला. चपळ घोडीचे हे गिऱ्हाईक मधली सात वर्षे बाजारात नव्हते. म्हणून भाव पडला की प्रथम ‘कोणते गिऱ्हाईक गेले व ते परत येणार आहे काय?’ हा प्रश्न विचारावा.

दावणीचा हिशेब

थांबणे फुकट नसते. शेतकऱ्यास हा खर्च दिसत नाही, कारण कडबा घरचा असतो व मेहनतही घरचीच असते. परंतु घोड्यास घातलेला कडबा विकला असता त्याचे पैसे आले असते, किंवा तो गाईस घातला असता दूध मिळाले असते. म्हणून घरच्या वैरणीचीही बाजारभावाने किंमत धरली पाहिजे.

उदाहरणादाखल असे समजा की, खर्ड्याच्या शिवारातील एका शेतकऱ्याजवळ सात वर्षांची घोडी आहे. वैशाखअखेर, म्हणजे मेच्या मध्यास, तिला ४५,००० रुपयांची मागणी आली. शेतकऱ्याने ती साठ हजारांस घेतलेली असल्याने त्याला साठच हवे आहेत, आणि मार्गशीर्षातील सारंगखेड्याच्या यात्रेपर्यंत थांबण्याचा त्याचा विचार आहे. सुमारे ३०० किलो वजनाच्या या घोडीचा रोजचा खर्च पुढीलप्रमाणे धरू:

कडबा व गवत, ६ किलो: ६० रुपये
चंदी (भरडा, हरभरा, कोंडा), २ किलो: ६० रुपये
मीठ, नालबंदी, औषधपाणी यांची सरासरी: १० रुपये
निगेची मेहनत: २० रुपये
एकूण: १५० रुपये

मेच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत सुमारे २०० दिवस होतात. २०० दिवसांचे ३०,००० रुपये झाले. सारंगखेड्यापर्यंत वाहन, तेथील मुक्काम व जागेचे भाडे मिळून ८,००० रुपये धरले तर एकूण खर्च ३८,००० रुपये येतो. म्हणजे आजच्या पंचेचाळीस हजारांची बरोबरी साधण्यासाठीच यात्रेत ८३,००० रुपये मिळाले पाहिजेत. मनातले साठ हजार तेथे मिळाले तरी हाती बावीसच राहतील. शिवाय मृगाच्या तोंडावर मिळालेल्या पंचेचाळीस हजारांत बियाणे व खत आले असते. ते न मिळाल्याने सावकाराचे दार पाहावे लागले तर व्याज वेगळेच.

यातील भाव गावोगावी व वर्षावर्षास बदलतील. प्रत्येकाने आपले आकडे घालून हिशेब करावा. पद्धत मात्र एकच आहे. आजची मागणी, थांबण्याच्या दिवसांचा खर्च व पुढील बाजारास जाण्याचा खर्च या तिहींची बेरीज करावी. पुढील बाजारी तेवढा भाव येण्याचा संभव असेल तरच थांबावे. घोडी किती रुपयांस घेतली होती, हा आकडा या हिशेबात येत नाही. ते पैसे खर्च होऊन गेले आहेत. गिऱ्हाईक आजच्या जनावराची किंमत देते.

केव्हा थांबणे योग्य

हिशेब नेहमीच लगेच विका असे सांगतो असे नाही. पुढील तीन प्रसंगी थांबणे फायद्याचे ठरू शकते.

१. जनावर आपले पोट स्वतः भरत असेल तर. मेंढरांबरोबर ओझे वाहणारे किंवा वरातीस भाड्याने जाणारे घोडे रोजच्या खर्चाइतके मिळवत असल्यास थांबण्यात नुकसान नाही.

२. जनावराची किंमत वयाबरोबर वाढत असेल तर. दोन वर्षांचे जातिवंत शिंगरू चार वर्षांचे होऊन स्वारीस तयार झाल्यावर अधिक भाव घेते. मात्र त्याला शिकवणारा माणूस घरात हवा. दावणीस नुसते बांधून ठेवलेले शिंगरू वयाने वाढते, किमतीने वाढत नाही.

३. घोडी गाभण असेल तर. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. विण्यास थोडा अवधी उरला असता लांबच्या प्रवासास नेऊन तिला विकण्यापेक्षा घरी विऊ द्यावे व शिंगरू पाच-सहा महिन्यांचे होऊन दूध तुटल्यावर दोहोंचा वेगळा विचार करावा.

लग्नसराईच्या घोडीविषयी एकच नियम सांगता येईल. ती हंगाम संपताना विकू नये, हंगाम सुरू होण्यापूर्वी विकावी. तुळशीच्या लग्नाआधी जे गिऱ्हाईक घोडी शोधत आपल्या दारी येते, तेच ज्येष्ठात भेटले तर पाठ फिरवते. ‘वरातीमागून घोडे’ ही म्हण विक्रेत्याने शब्दशः ध्यानात ठेवावी.

कोणते गिऱ्हाईक, कोणता बाजार

आठवडी बाजारात बैल, गाय व म्हैस घेणारे पुष्कळ भेटतात. घोडे घेणारा क्वचित भेटतो. एकाच बाजारात घोडे चार वेळा नेले की ‘हे न विकले जाणारे जनावर’ असा बोलबाला होतो व भाव आणखी उतरतो. म्हणून बाजार बदलावा. तत्पूर्वी आपले जनावर कोणाच्या कामाचे आहे ते ठरवावे.

उंच, डौलदार, मारवाडी किंवा काठेवाडी वळणाच्या घोड्यास सारंगखेडा (जिल्हा नंदुरबार) येथील दत्तजयंतीची यात्रा योग्य होय. तापीकाठच्या या यात्रेत राज्याबाहेरून व्यापारी व शौकीन येतात. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा त्यानंतर मार्गशीर्ष वद्यात भरते. तेथे घोड्यांबरोबर खेचरे व गाढवेही विकली जातात. सोलापूर जिल्ह्यात अकलूज येथे दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. नाशिक जिल्ह्यातील येवले हेही घोड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध आहे.

परंतु प्रत्येक घोडे यात्रेस नेणे परवडत नाही. पाठीस बळकट, पायाने काटक, उंचीने लहान असे भीमथडी वळणाचे तट्टू सारंगखेड्यात मोठ्या घोड्यांच्या रांगेत उभे केले तर डोळ्यांत भरत नाही. त्याचे खरे गिऱ्हाईक मेंढपाळ होय. या तट्टांकडे आता पूर्वीपेक्षा अधिक लक्ष दिले जाते. भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात असल्याची नोंद भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने केली आहे. जातीची लक्षणे शुद्ध असलेल्या घोडीचे व वळूचे मालक पैदाशीसाठी गिऱ्हाईक शोधू शकतात. अशी घोडी मिळेल त्या भावाने ओझ्यास विकण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावी.

विक्रीपूर्वीची तयारी

मंदीत गिऱ्हाईकास निवड करावयास पुष्कळ जनावरे असतात. म्हणून खर्च वाचवण्यासाठी चंदी तोडणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय होय. बरगड्या दिसणाऱ्या घोड्याचा भाव चंदीच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक उतरतो. उलट, बाजाराच्या आठ दिवस आधी एकाएकी दाणा वाढवणेही घातक आहे. त्याने पोटशूळ उठतो किंवा खुरांत दाह होऊन घोडे लंगडते. बाजारापूर्वी महिना-दीड महिना आधीपासून दाणा थोडाथोडा वाढवावा, रोज खरारा करावा, खूर साफ ठेवावेत व नालबंदाकडून वाढलेले खूर कापून घ्यावेत. रोज थोडी फेरी घालावी, म्हणजे चाल मोकळी राहते. दुडकी व रवाळ चाल दाखवता आली तर गिऱ्हाईकास बोलून पटवावे लागत नाही. घोडामैदान जवळच असते.

वय लपवण्याचा प्रयत्न करू नये. अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास समोरच्या दातांची एकेक जोडी पालटते व पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. खालच्या दातांवरील खळगे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान क्रमाने बुजतात. जाणत्या माणसास हे दिसतेच. दात कोरून वय कमी दाखवणारा विक्रेता एकदा सापडला की त्याच्या पुढील खऱ्या बोलण्यासही किंमत राहत नाही.

भोवरे व रंग यांवरून भाव चढतो-उतरतो ही बाजारातील वस्तुस्थिती आहे. गळ्यावरील देवमण किंवा पंचकल्याणी रंग असल्यास विक्रेत्याने तो अवश्य दाखवावा. परंतु भोवऱ्याचा जनावराच्या बळाशी किंवा स्वभावाशी संबंध नाही. अशुभ भोवरा सांगून दलाल भाव पाडू लागला तर त्याचे ऐकून पडत्या भावाने जनावर देऊ नये. पाय, छाती, श्वास व डोळे पाहणारे दुसरे गिऱ्हाईक शोधावे.

आरोग्याचा दाखला

घोडे, गाढव व खेचर यांना होणारा ग्लँडर्स हा भयंकर रोग माणसासही होऊ शकतो. नाकातून चिकट पू येणे, नाकात व्रण पडणे, पायावर व अंगावर गाठी येऊन फुटणे ही त्याची लक्षणे होत. या रोगावर जनावरास उपचार करीत नाहीत. रोग सिद्ध झाल्यास ते नष्ट करावे लागते. २००६ मध्ये पाचगणी व पुणे येथील घोड्यांत हा रोग आढळला होता. २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये त्याची सूचना देणे बंधनकारक आहे. संशय आल्यास पशुवैद्यकीय अधिकारी रक्ताचा नमुना घेऊन तो तपासणीस पाठवतात. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या तपासणीची सोय आहे.

लांबच्या बाजारास निघण्यापूर्वी पुरेसे दिवस हाती ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. १९७८ च्या पशुवाहतूक नियमांप्रमाणे घोडे प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला बरोबर असावा लागतो. वाहनात चार ते सहापेक्षा अधिक घोडी भरू नयेत, गाभण घोडी व शिंगरे इतरांत मिसळू नयेत आणि निघण्यापूर्वी चारापाणी द्यावे. दाखला हा केवळ कायद्याचा कागद नव्हे. मंदीत दोन सारख्या घोड्यांपैकी ज्याच्याजवळ दाखला असेल तेच आधी विकले जाईल.

सौदा करताना

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. ती दलाल व व्यापारी यांच्या सोयीची आहे. मालकास मधला आकडा कळत नाही. म्हणून दलाल घेतल्यास त्याची दलाली आधी ठरवावी आणि गिऱ्हाईकाने कबूल केलेली रक्कम मोठ्याने बोलवून घ्यावी. घरून निघतानाच आपला शेवटचा भाव कागदावर लिहून ठेवावा व तो दलालास सांगू नये. आपली नड तर मुळीच सांगू नये.

घोड्याची खोड मात्र सांगावी. चावणे, लाथ मारणे, अडणे, वारा गिळणे किंवा रात्री कमी दिसणे या गोष्टी लपवून केलेला सौदा पुढच्या बाजारी भांडणाच्या रूपाने परत येतो. विसार घेतला तर त्याची रक्कम व उरलेले पैसे देण्याचा दिवस लिहून घ्यावा. पूर्ण पैसे मिळाल्यावाचून जनावर सोडू नये. बाजार समितीच्या आवारात व्यवहार करून पावती घ्यावी व तीत घोड्याचा रंग, खुणा, वय व किंमत नोंदवावी.

जे विकले जात नाही ते

इतके करूनही काही जनावरे विकली जाणार नाहीत. म्हाताऱ्या तट्टास कोणत्याही बाजारात गिऱ्हाईक नसते. अशा वेळी ते रात्री दूरच्या माळावर किंवा रस्त्यावर सोडून देण्याचा मोह काहींना होतो. उपासमार किंवा तहान यांनी जनावराचे हाल होतील अशा स्थितीत त्यास सोडून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यान्वये गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, ज्याने पंधरा वर्षे ओझे वाहिले त्याची ही परतफेड नव्हे. हलके काम देणाऱ्या माणसास ते अल्प किमतीत किंवा विनामूल्य द्यावे. असाध्य दुखणे असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. म्हातारपणी गिऱ्हाईक मिळत नाही हे ध्यानात घेऊन, बारा-तेराव्या वर्षापूर्वीच त्याच्या विक्रीचा किंवा शेवटपर्यंत सांभाळण्याचा निर्णय घेणे हे अधिक शहाणपणाचे होय.

गावपातळीवरील सेवकांचे काम

या कामी गावातील शासकीय सेवक पुष्कळ साहाय्य करू शकतात. आपल्या गावातील घोड्यांची व त्यांच्या मालकांची यादी करावी. भाद्रपदातच, म्हणजे हंगामापूर्वी दोन महिने, कोणास विकावयाचे आहे ते विचारावे. तीन-चार मालकांनी मिळून एक वाहन केल्यास यात्रेचा खर्च वाटला जातो. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून सर्वांची तपासणी एकाच दिवशी ठेवावी. आणि प्रत्येक मालकाबरोबर बसून वर दिलेला दावणीचा हिशेब त्याच्याच आकड्यांनी मांडावा. हिशेब करून मालकाने थांबण्याचे ठरवले तर त्यास दोष देऊ नये. हिशेब न करता थांबू मात्र देऊ नये.

बाजाराची मंदी शेतकऱ्याच्या हातातील गोष्ट नाही. जनावराची निगा, दाखला, योग्य बाजार, योग्य महिना व शेवटचा भाव या पाच गोष्टी मात्र त्याच्या हातातील आहेत. त्या सांभाळल्या तर मंदीतही घोडे विकले जाते, आणि विकणाऱ्यास मागाहून पस्तावावे लागत नाही.